बातमीदार मेला की सिनेमा संपतो?

"युद्धात मारल्या गेलेल्या बातमीदारांवरचे सिनेमे त्यांच्या मरणाशी थांबतात, मारणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही" असं एक मत वाचलं, ते सरसकट पटलं नाही. 'बालिबो' (२००९) बघा. ऑक्टोबर १९७५ मध्ये, शेजारच्या इंडोनेशियाचं सैन्य घुसत असताना, पूर्व तिमोरच्या बालिबो गावात ऑस्ट्रेलियन टीव्हीचे पाच जण मारले गेले. लांबून ओळख पटावी म्हणून त्यांनी भिंतीवर ऑस्ट्रेलियाचा झेंडा रंगवला होता. उपयोग शून्य. गोळीबारात सापडले हेच पालुपद वर्षानुवर्षं चाललं. २००७ साली सिडनीतल्या कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) सांगितलं की इंडोनेशियन सैन्याने ठरवून मारलं, आणि सिनेमा तेच दाखवतो, गुळमुळीत काही नाही. इंडोनेशियात लगेच बंदी आली; तिथल्याच पत्रकार संघटनेने ती झुगारून खेळ लावले!

आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर (बातमीदार नव्हेत, पण चीनच्या युद्धात सेवा करतानाच गेले) चारच वर्षांत, १९४६ ला शांतारामबापूंचा सिनेमा आला. त्या मरणात कुठलं सरकार अडचणीत येत नव्हतं ना. बालिबोवाल्यांना ३४ वर्षं लागली. बघाल तेव्हा रॉजर ईस्टकडे लक्ष ठेवा. पाचांचं काय झालं ते शोधायला गेलेला हा सहावा बातमीदार, त्यालाही १९७५च्याच डिसेंबरात पूर्व तिमोरची राजधानी दिली इथल्या धक्क्यावर गोळी घातली.