वजनमाप लिहून भागत नाही
आजीच्या पाककृती वजनमापासह लिहून ठेवल्या की जतन झाल्या, असे अनेकदा म्हटले जाते. सिंगापूरमधील तिओच्यू (मूळ दक्षिण चीनमधील एक समाज) कुटुंबांचा कुए (तांदळाच्या पिठाच्या पारीत सारण भरून वाफवलेले पदार्थ) विकण्याचा व्यवसाय पाहता मला ते अपुरे वाटते. तांदळाच्या पिठावर उकळते पाणी ओतून मळलेली पारी (आपल्या मोदकाच्या उकडीची बहीणच म्हणा) किती पाणी मागेल, हे पिठावर ठरते आणि ते हातालाच कळते. शिवाय पाककृती स्थिर नसते: ‘सून कुए’च्या नावात बांबूचा कोंब असला, तरी सिंगापुरात सारणात बहुधा जिकामा हा कंद असतो. चिकट भात, सुकी कोळंबी व शेंगदाणे भरलेला गुलाबी ‘पंग कुए’ मात्र दीर्घायुष्याचे प्रतीक असलेल्या पीच फळाच्या आकाराचा, परंपरेने लाकडी साच्यात दाबलेला. धंदा वाढवताना यंत्र आणायचेच असेल, तर ते सारण चिरण्यासाठी आणावे, पारीसाठी नको.