आई ५२ वर्षांची, धुणीभांडी करते. पेन्शनची कुठली योजना बसेल?

वर्षा, नाशिक: बाबा गेल्यापासून आई चार घरची धुणीभांडी करते, एका घरी पोळ्या लाटते. महिन्याला नऊ हजार येतात, एखादं काम सुटलं की सातवर येतं. असंघटित कामगारांच्या श्रमयोगी मानधन पेन्शन योजनेला वय ४०च्या पुढे गेलं म्हणाले. संजय गांधी निराधारचं प्रकरण उत्पन्नावर अडलंय. वहिनी ३५ची, तीही याच कामात. तिचं तरी आत्ताच उघडावं का?

सेवा केंद्र चालक: ताई, वहिनींचं श्रमयोगीत बसतं. ३५व्या वर्षी महिना १५० भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं, साठीनंतर महिना ३,०००. एवढ्याच पेन्शनला अटल पेन्शन योजनेत महिना ५४३ पडतात. पण हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. बायका पहिला हप्ता हौसेनं रोख भरतात, मग बाळंतपण येतं, सासूचं दुखणं निघतं, काम सुटतं आणि खात्यात दीडशेही नसतात. दहा वर्षांच्या आत सोडलं तर फक्त स्वतःचे पैसे, बचत खात्याच्या व्याजानं.

शैला, घरकामगार संघटना: निराधारची उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १,७५०! दोन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा त्यात बसत नाही. ६५नंतरच्या श्रावणबाळ पेन्शनलाही हीच अट. आणि श्रमयोगी, अटल या हप्त्याच्या योजना चाळिशीत दार लावतात. बाईच्या हातात स्वतःचा पैसा यायला लागतो तो मुलं मोठी झाल्यावर, तोवर वय गेलेलं असतं. मला याचा संताप येतो.

वहिनींसाठी आणखी एक बघा. श्रमयोगीत तिच्यामागे निम्मी पेन्शन फक्त नवऱ्याला, मुलांना काही नाही. एकट्या किंवा विधवा बाईला मी अटल सुचवते, तिथे जमा रक्कम वारसाला मिळते. हजाराच्या पेन्शनला ३५व्या वर्षी १८१ पडतात.

आईंची घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा, साठीपर्यंत होते. मंडळानं ५५ पूर्ण झालेल्या नोंदीत बायकांना १०,००० सन्मानधन दिलंय. एकदाच मिळतं, पण सोडू नका.

वर्षा: नोंदणीला मालकिणीची सही लागते ना? पोळ्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "उगाच कोर्टकचेरी नको."

शैला: हे प्रत्येक वस्तीत ऐकते. त्या सहीनं त्यांच्यावर पीएफ की पेन्शन, काहीच येत नाही. आई तिथे काम करते एवढंच लिहायचंय. आधी जुन्या घरी विचारा. तिथेही नाही म्हणाले तर मला मेसेज करा, मी आईंबरोबर काकूंकडे येते.