‘चाचणी’ कोणाची: औषधाची की माणसाची?

चर्चेचा विषय

वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्यांना जी माहितीपत्रके आणि संमतीपत्रे दिली जातात, त्यांच्या मराठी मसुद्यांवर मी बरीच वर्षे काम करते आहे. त्या कामात वारंवार अडणारा एक शब्द आज चर्चेसाठी मांडते. तो शब्द ‘चाचणी’.

एका संमतीपत्रात पुढील वाक्य होते: ‘ही चाचणी २४ महिने चालेल आणि चाचणीच्या काळात दर तीन महिन्यांनी आपल्या रक्ताच्या चाचण्या केल्या जातील.’ ते वाचून दाखवल्यावर समोरच्या बाईंनी विचारले, ‘रक्त तपासायला दोन वर्षं कशी लागतील?’ त्यांच्या विचारण्यात काहीही चूक नव्हती. एका वाक्यात ‘चाचणी’ हा शब्द तीनदा आला होता आणि त्याचे अर्थ दोन होते. पहिल्या दोन ठिकाणी नवे औषध माणसांना देऊन पाहण्याचा दोन वर्षांचा प्रयोग अभिप्रेत होता, तर तिसऱ्या ठिकाणी केवळ सुईने रक्त काढून ते प्रयोगशाळेत पाठवण्याचे काम होते. बाईंनी तिन्ही ठिकाणी दुसराच अर्थ घेतला, कारण त्यांच्या अनुभवात तोच होता. आपण एका प्रयोगात सामील होत आहोत, ही त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

असा घोटाळा केवळ संमतीपत्रांत होतो असे नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्यात करोनावरील कोव्हिशील्ड लशीच्या प्रयोगाच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यासाठी स्वयंसेवकांना लस टोचण्यास सुरुवात झाली. देशभरात एकूण १,६०० जणांना त्यात घेण्याचे ठरले होते आणि वर्तमानपत्रांनी त्या प्रयोगाला ‘लशीची मानवी चाचणी’ म्हटले. त्याच पानावर, त्याच दिवशी, घशातील व नाकातील स्राव घेऊन केलेल्या तपासणीला ‘करोना चाचणी’ म्हटलेले असे. एकीत माणूस तपासला जात होता, दुसरीत लस. तपासणीला जाणारा माणूस स्वतःविषयीचा प्रश्न घेऊन जातो आणि उत्तर त्यालाच मिळते. लशीच्या किंवा औषधाच्या प्रयोगात प्रश्न संशोधकांचा असतो, तो त्या औषधाविषयी असतो, आणि उत्तराचा लाभ सहभागी माणसाला होईलच असे नसते. इतके मूलभूत अंतर असलेल्या दोन गोष्टींना आपण एकच नाव देतो, आणि मग सहभागी व्यक्तीने ‘समजून’ सही करावी अशी अपेक्षा ठेवतो.

माझी सूचना अशी आहे. रोग ओळखण्यासाठी माणसाच्या शरीराची, रक्ताची, लघवीची किंवा बेडक्याची केली जाते ती ‘तपासणी’. नवे औषध, लस किंवा उपकरण माणसांवर वापरून पाहिले जाते ती ‘चाचणी’, आणि तिथेही नुसते ‘चाचणी’ न म्हणता ‘औषधचाचणी’ किंवा ‘लसचाचणी’ म्हणावे. लस बाजारात जाण्यापूर्वी तिच्या प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या साठ्याची, निर्जंतुकता व शुद्धता पाहिली जाते, त्यासाठी ‘परीक्षण’ हा शब्द राखून ठेवता येईल.

हा भेद मी नव्याने घडवलेला नाही, तो बोलण्यात आधीपासून आहे. ‘रक्त तपासलं’, ‘लघवी तपासायला दिली’, ‘डॉक्टरांनी चार तपासण्या लिहून दिल्या’ असेच घराघरांत बोलले जाते. उलट नव्या मेट्रोमार्गावर प्रवासी नसताना गाडी धावते ती ‘चाचणी’, आणि तिथे कस लागतो तो मार्गाचा व गाडीचा. शाळेतली ‘घटक चाचणी’ मात्र या नियमात बसत नाही, हे मी आधीच मान्य करते. अन्य अपवाद आणि आक्षेप जाणून घ्यायला आवडेल.

पहिला प्रतिसाद

मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करतो. तपासणी आणि चाचणी यांतला आपण सांगितलेला भेद मला पटतो. मात्र रुग्णाला सर्वाधिक त्रास देणारा शब्द याच्या पुढचा आहे. अहवालांच्या मराठी भाषांतरात ‘पॉझिटिव्ह’साठी ‘सकारात्मक’ छापलेले मी पाहिले आहे. सकारात्मक विचार, सकारात्मक प्रतिसाद अशा प्रयोगांमुळे हा शब्द मराठी माणसाच्या कानाला चांगल्या बातमीसारखा ऐकू येतो. क्षयरोगाचा अहवाल ‘सकारात्मक’ आला म्हणून समाधानाने घरी जाणारा माणूस ही काल्पनिक भीती नाही. अहवालात ‘जंतू आढळले’ किंवा ‘जंतू आढळले नाहीत’ असे स्पष्ट लिहावे. बोलताना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हे शब्द आता रुळले आहेत, ते तसेच राहू द्यावेत.

दुसरी अडचण ‘संवेदनशीलता’ या शब्दाची आहे. हा शब्द आमच्याकडे निदान तीन अर्थांनी येतो. एखादी तपासणी खऱ्या रोग्यांपैकी किती जणांना पकडते, ती तिची संवेदनशीलता. लघवीतून वाढवलेले जंतू कोणत्या प्रतिजैविकाने मरतात, ती जंतूंची संवेदनशीलता. आणि एखाद्याला पेनिसिलिन सोसत नाही, तीही त्या माणसाची अतिसंवेदनशीलता. यांखेरीज कवी संवेदनशील असतो आणि निवडणुकीत मतदान केंद्रही संवेदनशील असते. पहिल्या अर्थासाठी मी शिकाऊ मुलांना ‘पकड’ म्हणून सांगतो आणि त्यांना ते लगेच कळते. तिच्या जोडीच्या ‘विशिष्टता’ या शब्दाचा अर्थ असा, की ज्यांना रोग नाही त्यांना ती तपासणी किती नेमकेपणाने बाजूला ठेवते. त्यासाठी ‘पारख’ हा शब्द मला जवळचा वाटतो.

या दोन गुणांतला फरक २०२० मध्ये सर्वांच्या अनुभवाला आला, पण त्यासाठी शब्द हाताशी नव्हते. त्या वर्षीच्या जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने करोना ओळखणाऱ्या जलद अँटिजेन संचाच्या वापराला मान्यता दिली, तेव्हा त्या संचाची पकड ५०.६ ते ८४ टक्के आणि पारख ९९.३ ते १०० टक्के असल्याचे नमूद केले होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की संचाने रोग आहे म्हटले तर तो जवळजवळ निश्चित धरावा, पण नाही म्हटले तर त्यावर विसंबू नये. म्हणूनच लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आलेल्यांची आरटी-पीसीआर तपासणी करण्याची सूचना त्यातच दिलेली होती. ‘संवेदनशीलता कमी आहे’ या वाक्यातून हे कोणालाही कळले नाही. ‘हा संच दहातल्या दोन ते पाच रोग्यांना सोडून देतो’ असे म्हटले असते, तर ‘निगेटिव्ह आलो’ म्हणून लग्नाला जाणारे काही जण तरी थांबले असते, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाला जोडून ‘चाळणी’ या शब्दाची शिफारस करते. लक्षणे नसलेल्या लोकांची सरसकट तपासणी करून त्यांतून संशयित वेगळे काढले जातात, त्याला आपण ‘तपासणी शिबिर’ म्हणतो आणि शिबिरात नाव निघाले की घरात रडारड सुरू होते. लोकसेवा आयोगाच्या ‘चाळणी परीक्षे’मुळे हा शब्द मराठी तरुणांना चांगला परिचित आहे. चाळणी परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नेमणूक नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते. तसेच ‘चाळणी तपासणी’त अडकणे म्हणजे रोग नव्हे, हे त्या शब्दानेच सांगून होईल.

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडते. १,००० माणसांत १० जणांना रोग आहे, आणि तपासणीची पकड व पारख दोन्ही ९० टक्के आहेत असे धरू. दहा रोग्यांतले ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी १० टक्के, म्हणजे ९९ जण, विनाकारण अडकतील. एकूण १०८ जणांना ‘रोग असू शकतो’ असा निरोप जाईल आणि त्यांतले खरे रोगी ९, म्हणजे बारांत एक. चाळणीनंतर निवडणे आणि पाखडणे शिल्लक असतेच, हे धान्य हाताळणाऱ्या कोणाही बाईला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रतिसाद

शासकीय कागदपत्रांत ‘क्लिनिकल ट्रायल’साठी कधी कधी ‘नैदानिक चाचणी’ असा शब्दप्रयोग दिसतो. तो हिंदीतल्या ‘नैदानिक परीक्षण’वरून आलेला आहे. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणे, त्यामुळे ‘नैदानिक चाचणी’ वाचून वाचक पुन्हा रक्त-लघवीकडेच वळतो. माझ्या मते आपण ज्या घोटाळ्याविषयी लिहिले आहे, त्याची मोठी जबाबदारी या शब्दावर आहे.

मी आयुर्वेदाचा अभ्यासक असल्यामुळे ‘निदान’ या शब्दाविषयी थोडे सांगतो. शास्त्रात त्याचा मूळ अर्थ कारण, रोगाचा हेतू. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती हे रोग जाणण्याचे पाच मार्ग, म्हणून त्यांना निदानपंचक म्हणतात. यांतील ‘उपशय’ या चर्चेच्या दृष्टीने मोलाचा आहे. लक्षणांवरून रोग उलगडत नसेल, तर विशिष्ट औषध, आहार किंवा विहार देऊन पाहायचा, आणि त्याने बरे वाटते की त्रास वाढतो यावरून रोग ठरवायचा. म्हणजे उपचार करून पाहणे हीच तिथे तपासणी ठरते. तेव्हा तपासणी आणि चाचणी यांच्यामधली भिंत आपण समजता तितकी पक्की नाही. मात्र उपशयात जो प्रश्न विचारला जातो तो त्या एकाच रोग्याविषयीचा असतो, त्यामुळे आपली मूळ कसोटी तिथेही टिकते, हे मान्य करतो.

चर्चा सुरू करणारीचे उत्तर

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. ‘पकड’ आणि ‘चाळणी तपासणी’ हे शब्द मी पुढच्या मसुद्यापासून वापरणार आहे. ‘पारख’विषयी मी थोडी साशंक आहे, कारण पारखणारा चांगलेही ओळखतो आणि वाईटही, तर इथे केवळ निरोग्यांना ओळखण्याचा प्रश्न आहे. अधिक नेमका शब्द सापडेपर्यंत तिथे पूर्ण वाक्य लिहिणे मी पसंत करीन. ‘नैदानिक’ तर तातडीने सोडावा, याबाबत दुमत नसावे.

आता चाचणीच्या आतल्या शब्दांकडे वळते, कारण सहभागी व्यक्तीला खरे काय होणार आहे ते तेच सांगतात. ‘यादृच्छिक पद्धतीने गट ठरवला जाईल’ हे वाक्य मी कितीतरी वर्षे लिहीत आले आणि ते कोणालाही समजलेले मी पाहिले नाही. मराठीत यासाठी ‘चिठ्ठ्या टाकणे’ हा सरळ शब्दप्रयोग आहे आणि तो इतिहासालाही धरून आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी केली आणि १९४८ मध्ये जिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तिच्यात १०७ रुग्ण होते. रुग्ण पात्र ठरला की त्याच्या क्रमांकाचे बंद पाकीट उघडले जाई आणि आतल्या कार्डावर औषध की केवळ विश्रांती, ते लिहिलेले असे. ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना नाही. ती अक्षरशः चिठ्ठीच होती. ज्या ५२ जणांच्या पाकिटातून विश्रांती निघाली, त्यांना आपण एखाद्या चाचणीत आहोत हेही रुग्णालयातल्या मुक्कामात सांगितले गेले नव्हते. आज तसे करता येत नाही. आज प्रत्येकाला सांगावे लागते, आणि म्हणूनच सांगण्याचे शब्द इतके महत्त्वाचे आहेत.

औषध न मिळालेल्या त्या गटाला आपण ‘नियंत्रण गट’ म्हणतो. त्यातून हा गट कोणावर तरी नियंत्रण ठेवतो, किंवा कोणाच्या तरी नियंत्रणात आहे, असे वाटते. ‘तुलनागट’ म्हटले की काम संपते. ‘दुहेरी अंध चाचणी’ वाचून एका गृहस्थांनी ही अंध व्यक्तींसाठीची योजना आहे का असे विचारले होते. नेत्ररोगाच्या संशोधनात इंग्रजीतसुद्धा या अर्थी अंध शब्द टाळून झाकलेपणाचा शब्द वापरतात. आपणही ‘दोन्हीकडून झाकलेली चाचणी’ म्हणावे, आणि लगेच पुढे ‘कोणाला कोणते औषध मिळाले हे तुम्हालाही माहीत नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही’ असे स्पष्ट करावे. तुलनागटाला औषधाच्या जागी दिल्या जाणाऱ्या प्लासिबोला ‘साखरेची गोळी’ म्हणण्याचा मोह टाळायला हवा. मराठी घरांत साखरेच्या गोळ्या म्हणजे होमिओपॅथीचे औषध, आणि ते घेणारा माणूस ते औषध समजूनच घेतो. ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ हे लांब असले तरी चुकीचे नाही.

सर्वांत जास्त काळजी मला ‘दुष्परिणाम’ या शब्दाची वाटते. परिणाम म्हटले की कारण गृहीत धरले जाते. सहभागी व्यक्ती मनाशी ठरवते, ‘हे काही औषधामुळे झालेले नाही’, आणि सांगत नाही. संशोधनात मात्र चाचणीच्या काळात शरीराला झालेला कोणताही अपाय नोंदवायचा असतो, मग तो औषधामुळे झाला असो वा नसो. कारण ठरवण्याचे काम नंतरचे आणि इतरांचे. त्यातही मृत्यू, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा कायमचे अपंगत्व यांसारखी गंभीर घटना घडली, तर औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या भारतीय नियमांनुसार मुख्य संशोधकाने २४ तासांच्या आत ती कळवणे बंधनकारक आहे. त्या २४ तासांची सुरुवात कोणाच्या तरी घरातून आलेल्या फोनने होते. म्हणून ‘दुष्परिणाम’ हा शब्द केवळ औषधाशी संबंध दिसून आला असेल तेव्हाच वापरावा आणि एरवी ‘त्रास किंवा अपाय’ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. ‘औषध बाधले’ हा आपला जुना शब्दप्रयोग संबंध दिसलेल्या प्रकाराला चपखल बसतो.

‘सूचित संमती’ हा शब्द मी पूर्वीच सोडला आहे, कारण मराठीत सूचित म्हणजे आडून सुचवलेले. त्याऐवजी ‘समजून दिलेली संमती’ लिहिते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी निःपक्ष साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवावा लागतो, तेव्हा वाक्य कानाने ऐकून कळले पाहिजे, ही माझी शेवटची कसोटी असते. ज्या संमतीपत्रापासून ही चर्चा सुरू झाली, त्यातला तो परिच्छेद मी आता असा लिहिला आहे. वाचून सुधारणा सुचवाव्यात:

‘हे औषध नवे आहे. त्याने गुण येतो की नाही, हे पाहण्यासाठी ही औषधचाचणी आहे आणि ती दोन वर्षे चालेल. औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकून ठरेल, त्यामुळे ते तुम्हाला मिळेलच असे नाही. दर तीन महिन्यांनी तुमचे रक्त तपासले जाईल. या दोन वर्षांत तुम्हाला कोणताही त्रास झाला, अगदी सायकलवरून पडून हात मोडला, तरी त्याच दिवशी आम्हाला कळवा.’