व्हायोलिनला सिंथेटिक तारा: सा पांढरी दोन

प्रश्न: मी वडोदऱ्यात दांडियाबाजारात राहते. स्टीलच्या तारांचा आवाज फार टोचतो. सा पांढरी दोनचा (म्हणजे डी स्वर) धरून चार तारा प-सा-प-सा लावते. डॉमिनंट या सिंथेटिक तारा घेऊ का?

उत्तर: ताई, जरूर घ्या. १९७० सालच्या या तारांत गाभा नायलॉनचा, आवाज गोल. मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) मला तो गळ्याच्या जवळचा वाटतो. पण पांढरी दोनला खर्जाची (सर्वांत खालच्या स्वराची) तार नेहमीच्या ‘जी’ (G) स्वरावरून ‘ए’ (A) वर चढते, ताण जवळजवळ सव्वापट होतो! ती हलक्या जाडीचीच घ्या. वरच्या स्वराची तार ‘ई’ (E) वरून ‘डी’ (D) वर उतरते, म्हणून ती जाड. अख्खा सेट एकाच जाडीचा घेऊ नका, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

प्रश्नकर्ती: सर, वरची तारही नायलॉनची?

उत्तर: नाही, ती बहुधा स्टीलचीच असते.

दुसरे उत्तर: एकेकच तार बदला. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पडते, आतली काठीही सरकू शकते. नव्या तारा काही दिवस उतरत राहतील. मैफल तोंडावर असेल तर आत्ता बदलू नका. खुंट्या घट्ट बसतात ना, तेही पाहा.