मदत हवी आहे: उतारावर .22 ची गोळी उजवीकडे जातेय

परवानाधारक नेमबाजी रेंज आहे, पण डोंगरउतारावर. .22 एलआर (लाँग रायफल काडतूस), झीरो 50 मीटरला, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळते. टार्गेट 30 अंश खाली, तिरकं अंतर 100 मीटर. 30 अंशांचा कोसाइन 0.87 धरून स्कोपवर (रायफलच्या दुर्बिणीवर) 87 मीटर आडव्या अंतरासाठीची उंची लावली, तेव्हा गोळ्या वर जायच्या थांबल्या. ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) मात्र अजून 4-5 सेंमी उजवीकडे, किंचित खाली. वारा नाही.

संशय बायपॉडवर (रायफलच्या दोन पायांच्या टेकूवर) आहे. त्याचा उजवा पाय उताराच्या बाजूला टेकतो, आणि रायफल 5 अंश जरी उजवीकडे कलली तरी जवळपास एवढाच फरक पडतो. उतारावर डोळ्यावर काय विश्वास ठेवणार, कललेली जमीनच सपाट वाटते!

स्कोपवर छोटी पाणसळ बसवायची आहे. ती रेटिकलशी (स्कोपमधल्या नेमाच्या फुलीशी) जुळवायची कशी? ओळंबा टांगून? बायपॉडचे पाय कमी-जास्त करावेत की फिरत्या डोक्याचा घ्यावा? वाळूची पिशवी कृपया सुचवू नका, घसरते.