मदत हवी आहे: घरी गाडी धुण्या-पुसण्यासाठी ब्रश आणि टॉवेल नेमके कोणते घ्यावेत?

धुळाक्षरे

नमस्कार मंडळी,

गाडी गडद निळी आहे, घेऊन आठ महिने झाले. दर आठवड्याला मी स्वतःच धुतो. बाहेर देत नाही, कारण तिथे दहा गाड्यांवरून एकच फडकं फिरताना पाहिलंय. आपण गाडीला फार जपतो अशी माझी समजूत होती. परवा उतरत्या उन्हात बॉनेटकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे! सावलीत गेलं की गायब, उन्हात आलं की हजर. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नसल्यामुळे खापर फोडायलाही कोणी नाही.

माझी सध्याची पद्धत लपवत नाही. आधी सुक्या फडक्याने धूळ झटकतो. मग एक बादली, त्यात शाम्पू आणि स्पंज. पुसायला अंघोळीचा निवृत्त टॉवेल. एसीच्या जाळ्यांसाठी घरात पडलेला रंगकामाचा ब्रश.

आता नीट सामान घ्यायचं ठरवलंय, पण शोधायला बसलो आणि डोकं गरगरलं. टॉवेलवर ३००, ४००, ८००, १२०० जीएसएम असे आकडे. कुणी म्हणतं ८०/२०, कुणी म्हणतं ७०/३०च हवं. ब्रशचे तर वीस-वीस नगांचे संच आहेत, ड्रिलला लावायच्या ब्रशसकट. एवढे ब्रश माझ्या घरात सगळ्यांचे मिळूनही नाहीत. रानडुकराच्या केसांचा ब्रश चांगला म्हणतात, तो घ्यावा की नको?

मला दुकान थाटायचं नाहीये. रंगाला नवे चरे पडू नयेत, आतले कानेकोपरे निघावेत, चाकं स्वच्छ व्हावीत, एवढंच. त्यासाठी कमीत कमी काय लागेल?

एकच फडकं

गाडी चालवायला घेतलीत की आरशासारखी बघायला? मी पंधरा वर्षं एका फडक्यावर काढली. चरे पडतात, माणसालाही सुरकुत्या पडतात.

रंगारी

धुळाक्षरे, खरेदीच्या आधी दोन गोष्टी बंद करा. एक म्हणजे सुकी धूळ झटकणं. तुमचे निम्म्याहून जास्त चरे तिथलेच असावेत. धुळीत रेतीचे कण असतात, फडकं फिरवलं की आपण ते रंगावर घासतो. चकाकणारा जो वरचा थर असतो, तो क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. लिहायचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या अर्ध्या जाडीवर तुमचा सगळा कारभार चाललाय.

दुसरी गोष्ट स्पंज. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, कणाला आत शिरायला जागाच मिळत नाही. तो स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकून फरफटत जातो. लांब लव असलेला मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या. त्यात कण लवेच्या बुडाशी जातो आणि बादलीत खळबळला की सुटतो.

आता जीएसएम. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, बाकी काही नाही. तो दर्जाचा आकडा नव्हे. जाड कापड जास्त पाणी पितं आणि त्याची लव उंच असते, म्हणून रंगावर सुरक्षित. पण काच पुसायला तेच कापड घेतलंत तर रेघा उठतील आणि धागे चिकटतील. ढोबळ हिशेब असा: काचेला २०० ते ३०० चं, आखूड लवेचं किंवा चौकडीच्या उठावदार विणीचं. आतल्या कामाला आणि दारांच्या चौकटींना ३०० ते ४००. रंगावर वॅक्स किंवा फवारा पुसून काढायला ४०० ते ५००. वाळवायला पिळाच्या धाग्याचा मोठा टॉवेल, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरचा. तो एकच पुरतो. त्याहून मोठा घेतलात तर ओला झाल्यावर उचलताना दम लागतो, शिवाय कोपरा जमिनीला टेकतो.

८०/२० म्हणजे ८० टक्के पॉलिएस्टर, २० टक्के पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनचाच प्रकार. पॉलिअमाइड जास्त असलं की पाणी थोडं जास्त शोषतं आणि हाताला मऊ लागतं. तरी त्या दहा टक्क्यांवर झोप उडवू नका. कापड नीट विणलेलं नसेल तर ७०/३० सुद्धा रंगावर करकरतं. आकड्यापेक्षा काठ तपासा. नायलॉनच्या कडक दोऱ्याने शिवलेला काठ आणि सूचनांची चिठ्ठी या दोन जागांनी चरे पडतात. रंगासाठी बिनशिवणीच्या काठाचे घ्या. चिठ्ठी असेल तर उसवून काढा. कात्रीने कापलीत तर बुडखा राहतो आणि तो आणखी टोचतो.

निवांत भटक्या

रंगारींनी जड भाग उचलला, मी ब्रशचं बोलतो. वीस नगांचा संच घेऊ नका. त्यातले दोन वापरात येतात, बाकीचे पुढच्या घरबदलात सापडतात.

माझ्याकडे चार आहेत. आतल्या कामासाठी अगदी मऊ, कृत्रिम केसांचा, टोकं पिसासारखी चिरलेली. एसीच्या जाळ्या, बटणांच्या फटी, गिअरभोवतीची खाच, सगळं त्यानेच. एका हातात ब्रश, दुसऱ्यात व्हॅक्यूमची नळी. नाहीतर जाळीतली धूळ उडून सीटवर बसते आणि आपण तीच धूळ दोनदा साफ करतो. दुसरा तसाच पण जरा भरीव, बाहेरची अक्षरं, इंधनाचं झाकण आणि ग्रिलसाठी. हा कायम फेसात भिजवूनच चालवायचा. तिसरा चाकाच्या आतल्या पिंपासाठी, म्हणजे रिमच्या आतल्या गोल बाजूसाठी, लांब दांड्याचा, मायक्रोफायबर गुंडाळलेला. त्याच्या पोटात तारेचा कणा असेल तर टोकाला रबर किंवा प्लॅस्टिकची टोपी आहे ना बघा. चौथा टायरसाठी, आखूड आणि राठ नायलॉनचा. टायर तपकिरी दिसतात ती सगळी माती नसते. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेने तपकिरी होतं. मऊ ब्रशला ते दाद देत नाही.

तुमचा रंगकामाचा ब्रश मात्र आजच रिटायर करा. केसांच्या बुडाशी पत्र्याची पट्टी असते. एसीची जाळी घासताना ती शेजारच्या चकचकीत काळ्या पट्टीला लागते.

रानडुकराच्या केसांचं म्हणाल तर मला आवडतात. पाण्यात भिजले की नरम पडतात, फेस छान धरतात. चाकाच्या नटांच्या खळग्यात माझा जुना ब्रश अजून चालतो.

रंगारी

इथे माझं नि भटक्यांचं जमत नाही. केस नैसर्गिक असले म्हणून ते मऊ असतातच असं नाही. रानडुकराचा केस चांगला ताठ असतो, मऊ रंगावर आणि काळ्या चकचकीत प्लॅस्टिकवर खुणा सोडतो. शिवाय तो पाणी पितो, नीट वाळला नाही तर वास मारतो. चाकांचं तीव्र आम्ल किंवा अल्कली असलेलं रसायन लावलं की तुटून गळायला लागतो. कृत्रिम केस हे सगळं सोसतात. नटांच्या खळग्यापुरता ठेवा, बाकी नको.

निवांत भटक्या

मी नटांच्या खळग्याचंच म्हटलं होतं. :)

साबणाचा फेस

कोणी टॉवेल धुण्याबद्दल बोललंच नाही! निम्मे टॉवेल धुण्यातच मरतात.

नवे आणलेत की आधी एकदा धुवा, सुटे धागे निघून जातात. सुती कपड्यांबरोबर अजिबात टाकू नका. मायक्रोफायबरचा तंतू सुताची लव धरून ठेवतो आणि मग ती तुमच्या काचेवर उतरते. पाणी थंड किंवा कोमट, ४० अंशांच्या वर नको. पावडरपेक्षा द्रव साबण बरा, न विरघळलेले कण अडकून बसत नाहीत. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण चुकूनही घालू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो, टॉवेल पाणी प्यायचा थांबतो आणि नुसतं पसरवतो. ब्लीचही नको. वाळवायला सावलीतली हवा उत्तम. ड्रायरमध्येच टाकायचे तर सर्वात कमी उष्णतेवर. कडक उष्णतेने तंतूंची टोकं आखडतात आणि कापड खरखरीत होतं. इस्त्रीचं तर नावच काढू नका.

मी रंग ठरवून घेतलेत. निळे गाडीच्या रंगासाठी, पिवळे आतल्या भागासाठी, काळे चाकांसाठी. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ते कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाहीत. म्हणून चाकांचा टॉवेल पुन्हा बॉनेटवर नाही म्हणजे नाही. धुवायलाही वेगळाच टाकते. उलट दिशेने मात्र चालतं. निळा म्हातारा झाला की पिवळ्यात, मग काळ्यात. जमिनीवर पडला की त्याच क्षणी बढती रद्द.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवतात तो कडक संरक्षक थर) पुसलेला टॉवेल सरळ फेकून द्या. ते द्रव्य तंतूंवर कडक होतं आणि कापडाचा पॉलिश कागद होतो.

धुळाक्षरे

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भटक्या, तुमचं वाचून लगेच खाली जाऊन बघितलं. स्क्रीनखालच्या काळ्या पट्टीवर अर्ध्या बोटाएवढ्या तीन रेघा आहेत, अगदी जाळीला लागून. पत्र्याच्या पट्टीची रुंदी जुळवून पाहिली. जुळली. खटला संपला.

शंका दोनच उरल्या. टॉवेल मऊ आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं? हाताला तर सगळेच मऊ लागतात. आणि पाणी पुसताना चरे कमी कसे पडतील?

रंगारी

जुनी सीडी असेल घरात. तिची चकाकती बाजू टॉवेलने हलक्या हाताने दहा वेळा पुसा आणि दिव्याखाली तिरकी धरून बघा. सीडीचं प्लॅस्टिक क्लिअर कोटपेक्षा हळवं असतं, म्हणून थोड्या खुणा उमटल्या तर घाबरू नका. ही पास-नापासची परीक्षा नाही. अर्ध्या भागावर एक टॉवेल आणि अर्ध्यावर दुसरा फिरवला की कोण जास्त ओरखडतो ते कळतं. तुमचा अंघोळीचा टॉवेल आधी त्यावर फिरवा, मग आमच्याशी वाद घालायची इच्छा राहणार नाही. ब्रशलाही हेच लागू.

पुसण्याचं म्हणाल तर सगळं पाणी टॉवेलने काढायचंच नाही. शेवटी नळीचं तोंड काढून टाका आणि बारीक धार छतावरून संथ सोडा. पाणी चादरीसारखं ओघळून जातं, थेंब थोडेच उरतात. मग मोठा टॉवेल पसरून ठेवायचा आणि नुसता आपल्याकडे ओढायचा, दाब न देता. कुठे अडखळला तर थांबा, तिथे माती राहिलीये. लहान टॉवेल असेल तर दोनदा घडी घालून चौपदरी करा, दोन्हीकडून मिळून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक मळली की उलटा.

आणि हे सावलीत, बॉनेट गार असताना. नाहीतर पुसायच्या आत पाण्याचे डाग वाळून बसतात.

साबणाचा फेस

बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला नुसतं पाणी. तळाशी जाळी टाकता आली तर बरं, खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. चाकांना तिसरी. आणि धुताना वरून खाली, खालचे पत्रे शेवटी, रेती तिथेच जास्त असते.

आत स्क्रीन पुसताना द्रव स्क्रीनवर नको, टॉवेलवर फवारा. काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनियावालं द्रावण टाळा.

धुळाक्षरे

मग माझी यादी अशी होतेय: वाळवायला मोठा एक, रंगाला बिनशिवणीचे सहा, आतल्या भागाला चार, काचेला दोन, एक ओला एक सुका. चाकांना नवे घेत नाही, सहा महिन्यांनी वरचेच खाली उतरतील, तोवर अंघोळीचा टॉवेल. हातमोजे दोन, त्यातला एक खालच्या भागासाठी. ब्रश चार, रानडुक्कर वगळून. भटक्या, माफ करा.

आधीचे चरे या नव्या टॉवेलने जातील का हो?

रंगारी

नाही. चरा म्हणजे खड्डा, तो पुसला जात नाही. पॉलिश करणं म्हणजे भोवतालचा थर घासून खड्ड्याच्या पातळीला आणणं. ३५-५० मायक्रॉनमधून दर वेळी थोडं जाणार, त्यामुळे ते मोजक्याच वेळा करता येतं. काही वॅक्स चरे भरून झाकतात, चार धुण्यांत पुन्हा दिसतात. माझं ऐकाल तर दोन-तीन महिने नव्या सामानाने धुऊन बघा, नवे चरे थांबले की मग पॉलिशचं ठरवा. आत्ता कराल आणि हात तोच राहिला तर पुढच्या उन्हाला पुन्हा इथेच याल. यादी ठीक आहे. मोठा टॉवेल मात्र पहिल्या धुण्याआधी वापरू नका, धागे सोडेल.

एकच फडकं

एक विचारू का? माझी गाडी पांढरी आहे. पंधरा वर्षांत एकही चरा दिसलेला नाही. म्हणजे नाहीतच ना?

साबणाचा फेस

पांढऱ्यावर दिसत नाहीत. रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटजवळ तिरका धरून बघा.

एकच फडकं

बघून आलो. तो हातमोजा कुठल्या लवेचा घ्यायचा म्हणालात?