मदत हवी आहे: डॉल्फिनवरचे उपचार प्रत्यक्ष शिकायचे आहेत, पैसे भरून परदेशी जाऊ की इथेच काही आहे?

कलमीआंबा

नमस्कार मंडळी. मी बीव्हीएससीच्या चौथ्या वर्षाला आहे. गाव देवगड तालुक्यात, त्यामुळे डॉल्फिन लहानपणापासून लांबून बघत आलेय. पण डॉक्टर म्हणून त्यांचं काय करायचं, हे कॉलेजात अजून कुणी शिकवलेलं नाही. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यातच वर्षं संपतात.

परदेशातली एक संस्था पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन आठवड्यांचा कोर्स घेते. रक्त काढणं, सोनोग्राफी, डोक्यावरच्या नाकपुडीतून श्वासाचा नमुना घेणं, सगळं स्वतःच्या हाताने, असं माहितीपत्रकात लिहिलंय. विमान धरून साडेतीन लाखांच्या घरात जातं. बाबा म्हणतात जमवू, पण यंदा आंब्याने काय दिलंय ते मला माहीत आहे. शिवाय तिथे पर्यटकांसाठी डॉल्फिनचे खेळही चालतात, ते मनाला पटत नाही.

कुणी असा कोर्स केलाय का? आणि भारतात राहून हे शिकता येतं का? नुसतं 'आवड असेल तर जा' असं सांगू नका प्लीज.

घाटावरचा

भारतात डॉल्फिनेरियमच (डॉल्फिन पाळून दाखवायचं ठिकाण) नाही, तर हात कशावर साफ करणार? केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्येच परिपत्रक काढून दारं बंद केली. म्हशी बघा, पोट त्यावरच भरतं.

डॉ_खाडीपलीकडे

घाटावरचे, म्हशींवर माझंही पोट भरतं, तरी वर्षातून काही वेळा डॉल्फिनसाठी फोन येतोच. मी रत्नागिरी जिल्ह्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या कोर्समधला डॉल्फिन शिकवलेला असतो. इशारा झाला की उलटा होऊन शेपटी काठावर आणून देतो. शेपटीच्या पात्यात धमनीभोवती बारीक शिरांचं जाळं असतं, तिथून तुम्ही रक्त काढता. चांगलं कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्या किनाऱ्यावर तुला जो डॉल्फिन मिळेल तो दहापैकी नऊ वेळा मेलेला असेल, आणि उरलेल्या वेळी वाळूत रुतून घाबरलेला, भोवती शंभर माणसं मोबाइल घेऊन.

इथे मुख्यतः दोन जाती किनाऱ्याला लागतात, हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज (डॉल्फिनचाच नातलग, पाठीवर पर नसलेला). दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये. म्हणजे वनखात्याच्या परवानगीशिवाय सुरी लावायची नाही, दातसुद्धा घरी न्यायचा नाही. पंचनामा वनखातं करतं, शवविच्छेदनाला बहुतेक ठिकाणी जवळचा पशुधन विकास अधिकारी बोलावतात. त्या बिचाऱ्याने जन्मात कधी डॉल्फिन उघडलेला नसतो. आपल्याकडे खरी उणीव ही आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: आधी मेलेला डॉल्फिन नीट उघडायला शीक. जिवंत डॉल्फिनचं वैद्यक त्यानंतर.

शव किती ताजं आहे यावर एक ते पाच असे टप्पे जगभर वापरतात. एक म्हणजे जिवंत, दोन म्हणजे नुकतंच मेलेलं, पाच म्हणजे कातडं-हाडं. दोनला ऊतींचे नमुने, विषाणू, जंतू सगळं हाती लागतं. चारला मोजमाप, डीएनएसाठी कातडीचा तुकडा आणि वयासाठी दात, बस. पावसाळ्यात आपल्याला बहुधा तीन-चारच मिळतात, त्यामुळे निराश व्हायचं नाही. चोचीवर आणि परांच्या कडेला जाळ्याच्या दोऱ्याचे वळ आहेत का, श्वासनळीत फेस आहे का, तीन कप्प्यांच्या जठरात मासे आहेत की ते रिकामं, चरबीचा थर किती, हे टिपून ठेवलं तरी पुढच्या माणसाचं अर्धं काम होतं. एवढंही बहुतेक अहवालांत नसतं.

आणि तुझा आत्ताचा अभ्यास वाया जात नाहीये. डुकरांचा डायमंड स्किन रोग शिकलीस ना? त्याचाच जंतू, एरिसिपेलोथ्रिक्स, डॉल्फिनचा जीव घेतो. शेळ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगाचा विषाणू ज्या मॉर्बिली कुळातला, त्याच कुळातल्या विषाणूने 1987-88 मध्ये आणि पुन्हा 2013 पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डॉल्फिन मोठ्या संख्येने मेले. ब्रुसेला या जंतूचीही डॉल्फिनमधली वेगळी जात आहे आणि ती माणसाला होऊ शकते. तेव्हा हातमोजे-मास्कशिवाय शवाला हात लावायचा नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

वेंगुर्लेकर

डॉक्टर, जिवंत सापडला तर आम्ही काय करायचं तेही सांगा. आमच्याकडे पोरं शेपटी धरून ओढत पाण्यात नेतात.

डॉ_खाडीपलीकडे

शेपटी धरून ओढायचं नाही, सांधे निखळतात. पोटावर सरळ बसवा, पुढच्या परांखाली वाळूत खड्डे करा, सावली धरा, अंगावर ओलं फडकं टाका, पण नाकपुडी उघडी ठेवा आणि तिच्यात पाणी जाऊ देऊ नका. चरबीमुळे उन्हात तो आतून शिजतो, आणि पाण्याचा आधार गेला की स्वतःच्याच वजनाखाली चेंबतो. ताणामुळे स्नायू आतून तुटायला लागतात, म्हणून नुसता परत ढकलला की काम झालं असं नसतं. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर 2023 मध्ये व्हेलचं पिल्लू लोकांनी आटापिटा करून समुद्रात सोडलं, तरी ते वाचलं नाही. वनखात्याला आणि त्यांच्याच कांदळवन कक्षाला (खारफुटी आणि किनाऱ्यावरचे जीव बघणारा विभाग) पहिल्या पाच मिनिटांत फोन करा, व्हिडिओ नंतर.

ॲबर्डीनची_मावशी

अगं, मी पशुवैद्य नाही, पण इथे स्कॉटलंडमध्ये एक दिवसाचं 'मरीन मॅमल मेडिक' शिक्षण घेतलंय. ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू ही संस्था 1988 पासून काम करते. पाणी भरलेला खऱ्या मापाचा खोटा डॉल्फिन गार समुद्रात उचलायला लावतात. खऱ्या प्राण्याला हात लावत नाहीत, तरी शिकायला भरपूर मिळतं. वाहून आलेल्या शवांच्या तपासणीची इथली योजना 1992 पासून चालू आहे.

युरोपातच बघायचं तर जर्मनीत ब्यूझुमला हॅनोव्हरच्या पशुवैद्यक विद्यापीठाची संस्था आहे आणि कॅनरी बेटांत लास पाल्मासचं पशुवैद्यक महाविद्यालय. चोचवाल्या व्हेलच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले आणि नौदलाच्या सोनारवर बोट गेलं, त्या 2002 च्या घटनेचा तपास लास पाल्मासच्याच लोकांनी केला. अशा ठिकाणी कुणाचं शिफारसपत्र जोडून पत्र पाठव. अमेरिकेतलं सॉसालिटोचं मरीन मॅमल सेंटर नावाजलेलं आहे, पण तिथे रुग्ण मुख्यतः सील आणि सी लायन.

पाण्यातला_माणूस

थोडा विरोधी सूर लावतो. डॉल्फिनच्या रक्ताची सामान्य मूल्यं, सोनोग्राफी, भूल, हे सगळं वैद्यकाला बंदिस्त प्राण्यांमुळेच कळलं ना? श्वास त्याच्या इच्छेवर चालतो, भूल दिली की थांबतो. घशातला स्वरयंत्राचा वर नाकमार्गात घुसलेला भाग तोंडात हात घालून बाजूला काढावा लागतो, तेव्हा कुठे नळी जाते. हे पुस्तक वाचून येत नाही.

डॉ_खाडीपलीकडे

मान्य. गोठवलेल्या माशांमुळे बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं, हेही तिथेच कळलं. पण ते ज्ञान आता छापलेलं आहे. खेळ चालवणाऱ्या ठिकाणी विद्यार्थ्यांची फी हा धंद्याचाच एक भाग असतो, आणि दोन आठवड्यांत कुणी भूल द्यायला देत नाही. साडेतीन लाख म्हणजे इथल्या किनाऱ्यावर पूर्ण पावसाळा राहण्याचा, जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च भागून उरतील.

जिवंत प्राण्याजवळ जायची संधी देशात आहे, फक्त ती नदीत आहे. 'प्रोजेक्ट डॉल्फिन' 2020 मध्ये जाहीर झाला. डिसेंबर 2024 मध्ये आसामात गंगेच्या डॉल्फिनला पहिल्यांदा उपग्रह टॅग लावला, तेव्हा देहरादूनच्या वन्यजीव संस्थेच्या लोकांबरोबर पशुवैद्यही होते. पीजीनंतर तिकडे बघ.

कलमीआंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला, ते पहिल्यांदा 'दातसुद्धा न्यायचा नाही?' यावरच अडकले :) कोर्सला नाही कळवते. एकच शेवटचा प्रश्न: पावसाळ्यात इथल्या किनाऱ्यावर शवविच्छेदन शिकायला कांदळवन कक्षाला मी स्वतः अर्ज करू की कॉलेजमार्फत?

डॉ_खाडीपलीकडे

कॉलेजमार्फत. पॅथॉलॉजी विभागप्रमुखांची सही घे, कारण नमुने शेवटी त्यांच्याच प्रयोगशाळेत जाणार. एकटीच्या अर्जाला 'विचार करू' येतं. कांदळवन प्रतिष्ठानालाही प्रत पाठव. मच्छीमारांनी जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते, ती योजना ते बघतात, त्यामुळे बंदराबंदरांत त्यांच्या ओळखी आहेत. अर्ज मे संपायच्या आत टाक, जूनमध्ये फोन सुरू होतात. फॉर्मालिन आणि मोजपट्टी तुझी तू आण, तिथे कुणाकडे नसते.